तोवर लिफ्ट बंद

ताईचे दिवस झाले आणि मी कामावर परत गेले, त्याच सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, चहा मागवला. ते एरवी कोणासाठी चहा मागवत नाहीत. त्यावरून काहीतरी अवघड बोलायचं आहे, हे मला कळलं.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझ्या ताईच्या मेलबॉक्सचं काहीतरी करायला लागेल."

आमची कंपनी लहान आहे. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका जुन्या इमारतीत आमचा गाळा आहे. आम्ही लिफ्ट बनवत नाही, सांभाळतो. अंधेरी-बोरिवलीकडच्या आणि इकडे घाटकोपर-मुलुंडच्या ज्या सोसायट्यांना मोठ्या कंपन्या परवडत नाहीत, त्यांच्या जुन्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे असते. महिन्यातून एकदा आमचा माणूस जाऊन तेल-ग्रीस करून येतो. मधे काही बिघडलं तर सोसायटीचा सेक्रेटरी कळवतो. तक्रारींसाठी कंपनीचा एक वेगळा पत्ता आहे, आणि तो प्रत्येक लिफ्टमध्ये पत्र्याच्या पाटीवर छापलेला आहे. पण त्या पत्त्यावर कोणी लिहीत नसे. सगळे ताईच्या स्वतःच्या पत्त्यावर लिहायचे. सेक्रेटरी बदलला की जुना नव्याला पाण्याच्या टाकीची किल्ली देई, तसा ताईचा पत्ताही देऊन जाई.

ती माझी सख्खी मोठी बहीण. मला त्या कंपनीत तिनेच लावलं. मी तिला ताई म्हणत असे, म्हणून हळूहळू सगळं ऑफिस तिला ताई म्हणायला लागलं, आणि मग फोनवर ऐकून ऐकून सोसायट्यासुद्धा. तक्रारींचं टेबल तिच्याकडे होतं. माझ्याकडे ऑफिसचे कॉम्प्युटर आणि मेलचा सर्व्हर. हा सर्व्हर जिन्याखालच्या एका खोलीत असतो. तिथे एसी कायम चालू ठेवावा लागतो आणि त्याचं पाणी एका बादलीत ठिबकत राहतं. ताई त्या खोलीला माझं माहेर म्हणायची.

"मेल अजून येतायत," सर म्हणाले. "तिच्याच नावावर. बघायला कोणी नाही. तो सगळ्यांचा करून टाक. टेबलावरच्या लोकांना दिसला पाहिजे. आणि तुला नको वाटत असेल तर तसं सांग, मी बाहेरचा माणूस बोलावतो."

तिच्या कपाटातल्या साड्यांना मी अजून कोणाला हात लावू दिला नव्हता. बाहेरचा माणूस येऊन तिची पत्रं उघडेल, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"मी करते," मी म्हटलं.

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा माझ्याकडे सरकवला. तो तोवर गार झाला होता.

पुढे जे झालं ते समजायचं तर ताई उत्तरं कशी द्यायची ते सांगायला हवं.

ती फार थोडं लिहायची. सेक्रेटरी लोक पानभर लिहीत. लिफ्टचा इतिहास, आधीच्या कमिटीची नालायकी, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे गुडघे, सगळं त्यात असे. ताईचं उत्तर एका ओळीचं असायचं: "तक्रार मिळाली. माणूस पाठवते." बस. कधीमधी त्याखाली दुसरी ओळ यायची: "तोवर लिफ्ट बंद." पंखा चालत नाही, दिवा गेला, बटण दाबल्यावर वेळ लागतो, याला पहिली ओळ पुरे. दोराचा आवाज येतो, लिफ्ट मजल्याच्या खाली जाऊन थांबते, दार नीट लागत नाही, असं काही दिसलं की दुसरी ओळ.

मी तिला एकदा जेवताना विचारलं होतं. आम्ही दोघीच राहायचो, घाटकोपरला. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्हाला जी खोली मिळाली, ती आमचं घर. त्या इमारतीला लिफ्ट आहे, पण ताई जिन्याने यायची. शेजारच्या काकू हसायच्या, "काय गं, लिफ्टवाली बाई आणि जिना चढते?" ताई म्हणायची, "घरी आल्यावर तरी ऑफिसात नको ना बसायला."

तर त्या दिवशी मी विचारलं, "तू सगळ्यांनाच बंद ठेवा असं का लिहीत नाहीस? म्हणजे धोकाच नको."

"सगळ्यांना बंद म्हटलं ना, की कोणीच बंद ठेवत नाही," ती म्हणाली. "मी कधीतरीच म्हणते, म्हणून ऐकतात. आणि बंद नाही म्हटलं तर चालवतात. त्यांना आता कळतं."

"तू सांगितलंयस त्यांना तसं?"

"सांगायला कशाला लागतं? आमटी वाढ."

मी पुस्तकं वाचणारी. ती मला हसायची, खोट्या लोकांची दुःखं वाचत बसतेस म्हणून. तिने आयुष्यभर फक्त तक्रारी वाचल्या. पण तिच्याइतकं बारकाईने वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. इस्पितळात असतानाही ती वाचत होती. हाताला सलाईन लावलेलं, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठ्याने टाइप करत असायची. ती आजारी आहे हे एकाही सोसायटीला कळलं नाही. उत्तरं थांबली तेव्हा ती गेली होती, आणि त्यांना वाटलं दिवाळीची सुट्टी असेल.

सर्व्हरवर एखाद्या माणसाचा मेलबॉक्स सगळ्यांचा करणं हे तसं काही मोठं काम नाही. आधी त्या माणसाचं लॉगिन बंद करायचं, म्हणजे त्या नावाने आता कोणी आत शिरू शकत नाही. मग मेलबॉक्सचा प्रकार बदलायचा, म्हणजे तो माणसाचा न राहता कंपनीचा होतो. मग कोणाकोणाला काय करता येईल ते ठरवायचं. इथे तीन गोष्टी असतात. पहिली, आतलं वाचायची परवानगी. दुसरी, तिच्या वतीने पाठवायची परवानगी. यात पाठवणाऱ्याचं नाव दिसतं आणि पुढे तिच्या वतीने असं येतं. तिसरी, तिच्या नावाने पाठवायची परवानगी. यात ज्याला मेल जातो त्याला फक्त तिचंच नाव दिसतं. खरं कोणी लिहिलं, ते कुठेच दिसत नाही.

मी सरांना विचारायला गेले, वतीने की नावाने.

"नावानेच ठेव," ते म्हणाले. "वतीने म्हटलं की विचारत बसतील, ताई कुठे, काय झालं. आत्ता करार नवे करायचे दिवस आहेत. अर्ध्या सोसायट्या तिच्या तोंडाकडे बघून आपल्याकडे आहेत, हे तुलाही माहीत आहे. हळूच सांगू. सहा महिने जाऊ देत."

ते वाईट माणूस नाहीत. ताईच्या दहाव्याला ते घाटावर आले होते आणि मागे उभं राहून रडले होते.

मी खाली येऊन तशी परवानगी दिली. टेबलावरच्या माणसांना दिली, सरांना दिली. मला स्वतःला फक्त वाचायची ठेवली. तिच्या नावाने काही लिहायचं माझ्या मनात येणंच शक्य नव्हतं. बदल पोचायला थोडा वेळ लागतो. मी वर आले तेव्हा तक्रारींच्या टेबलावर बसणारा आमचा सहकारी स्क्रीनकडे बघत खुर्ची मागे सरकवून बसला होता. तो आधी करारांचं काम बघायचा आणि ताईशी रोज भांडायचा. तिचं काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"आली," तो हळू आवाजात म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या फोल्डरांच्या खाली, डाव्या बाजूला, ताईचं पूर्ण नाव आलं होतं. शेजारच्या टेबलावरही आलं होतं. नावाशेजारी गोलात तिचा फोटो होता. दसऱ्याला ऑफिसातल्या यंत्रांची पूजा झाली तेव्हा काढलेला, मागे झेंडूची माळ. घरच्या फोटोला मी हार घातला होता. या फोटोला हार नव्हता. इथे ती कामावर होती.

"यार, हिच्या नावाने लिहायचं म्हणजे कसंतरी होतं," तो म्हणाला. "जिवंत असती तर बडवला असता मला."

मग त्यानेच उपाय काढला. सर्व्हरवर असा नियम लावता येतो की मेल आला की ठरलेलं उत्तर आपोआप जावं. म्हणजे निदान पहिलं उत्तर कोणाला हाताने लिहायला नको, आणि समोरच्यालाही लगेच पोच मिळते. सरांना ते आवडलं. उत्तराचा मजकूर काय ठेवायचा, यासाठी त्याने ताईचे पाठवलेले मेल चाळले आणि तिने सगळ्यात जास्त वेळा जे लिहिलं होतं ते उचललं: "तक्रार मिळाली. माणूस पाठवते." मला त्याने तसा कागद लिहून आणून दिला. मी वाचला. ते वाक्य तिचंच होतं. वाचताना तिचा आवाज ऐकू आला. मी तो नियम लावला.

पहिले काही दिवस सगळं फार सुरळीत चाललं. इतकं की सर एकदा केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांना एक मेल वाचून दाखवत होते. अंधेरीच्याच एका सोसायटीचा. "ताई, हल्ली तुम्ही अगदी लगेच उत्तर देता. पूर्वी तासभर तरी लागायचा. आभारी आहोत." सर हसले, सहकारीही हसला. मी माझ्या खोलीत जाऊन बसले. बादली भरत आली होती, ती रिकामी केली.

मला सकाळी लवकर जायची सवय लागली होती. घरात तिचा पलंग होता, त्यापेक्षा ऑफिस बरं. मेट्रोने अंधेरीला उतरून चालत यायचं, कुलूप उघडायचं, आणि कोणी यायच्या आत तिचा मेलबॉक्स उघडून थोडा वेळ वाचत बसायचं. कामासाठी नाही. तिचे जुने मेल वाचत बसायचे, एकेक. पोथी वाचावी तसे.

त्यामुळे मला एक गोष्ट दिसायला लागली, जी टेबलावरच्यांना दिसत नव्हती. न वाचलेला मेल ठळक अक्षरात असतो, उघडला की साधा होतो. ताई आलेला मेल वाचला तरी परत ठळक करून ठेवायची, आणि माणूस जाऊन आल्याचा फोन आला की मगच साधा करायची. तिच्या मेलबॉक्समध्ये साधा म्हणजे झालेला. आता तोच मेलबॉक्स चौघांच्या स्क्रीनवर होता. एकाने सहज उघडून बघितला तरी तो सगळ्यांसाठी साधा व्हायचा. दुसरा येऊन बघायचा, साधा दिसला की समजायचा, कोणीतरी घेतला. आणि खाली उत्तरही गेलेलं असायचं, ताईच्या नावाने, फोटोसकट. मी हे सहकाऱ्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, आम्ही बघतो. दोन दिवस त्यांनी बघितलंही.

मुलुंडचा मेल मी असाच एका सकाळी वाचला. सात मजली इमारत, जुनी लिफ्ट. बाहेरचं दार हाताने ओढून उघडायचं, आत जाळीचं सरकतं दार. सेक्रेटरींनी आदल्या दिवशी दुपारी लिहिलं होतं:

"ताई, परत चौथा मजला. लिफ्ट खाली असली तरी चौथ्यावरचं बाहेरचं दार उघडतं. मी स्वतः ओढून पाहिलं. आत अंधार. कृपया कळवा."

अक्षर साधं होतं. कोणीतरी उघडला होता. खाली उत्तर होतं. फोटोतली ताई, मागे झेंडू, आणि एक ओळ.

तक्रार मिळाली. माणूस पाठवते.

मी त्या ओळीखालच्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले. दुसरी ओळ तिथे नव्हती. आमटी मागण्याआधी तिने काय म्हटलं होतं ते तेव्हा मला आठवलं. बंद नाही म्हटलं तर चालवतात. त्यांना आता कळतं.

सेक्रेटरींचा नंबर त्यांच्या मेलखालीच होता. मी फोन लावला. घंटा बराच वेळ वाजली.

"हां, बोला." आवाज वयस्कर, घाईतला.

"नमस्कार, लिफ्टच्या ऑफिसमधून बोलते. तुमची लिफ्ट आत्ता चालू आहे का?"

"चालूच आहे. तुमचा माणूस काही आला नाही अजून."

"काका, आत्ताच्या आत्ता बंद करा. खालचा मेन स्विच काढा आणि चौथ्यावर कोणालातरी उभं करा."

"का बुवा? ताईंनी तसं कळवलं नाही. काल उत्तर आलं त्यांचं. बंद ठेवायची असती तर त्यांनी लिहिलं असतं. मी वाट बघत होतो त्याची. आपण कोण बोलताय?"

"मी त्यांची बहीण. त्याच ऑफिसात आहे."

"मग ताईंनाच द्या ना जरा. आमच्याकडे सगळे म्हातारे लोक. लिफ्ट बंद म्हटलं की माझ्या नावाने बोंब मारतात. ताईंचा मेल छापून दाराला चिकटवला की गप्प बसतात. तुम्ही तोंडी सांगता, मी काय चिकटवू?"

फोनवर त्यांच्या मागे लिफ्टचा आवाज येत होता. जुन्या लिफ्टचा येतो तसा, आधी खट्, मग एक लांब घरघर. कोणीतरी वर जात होतं.

"काका, ताईंना देता येणार नाही."

"मीटिंगमध्ये आहेत का?"

"त्या गेल्या. दिवाळीच्या तोंडावर गेल्या."

घरघर थांबली. मला वाटतं ते लिफ्टच्या समोरच उभे होते. ते म्हणाले, "असं कसं बोलता हो? काल दुपारी उत्तर आलंय मला. फोटो आहे त्यांचा."

"ते मशीनने पाठवलं."

"त्यांच्या नावाने?"

"हो."

पुढे ज्या स्वरात ते बोलले, तो मी अजून विसरलेले नाही. रागाचा नव्हता. अंधारात पाय टाकताना माणूस विचारतं, तसा होता. "मग आजवर आम्ही जे जे चालवलं, त्यातलं कुठवर त्यांचं होतं?"

"काका, आधी स्विच काढा," मी म्हटलं. "मी फोन चालू ठेवते."

त्यांच्या चपलांचा आवाज आला, पत्र्याचा दरवाजा उघडल्याचा आला, मग एक मोठा खटका. मग ते कोणाला तरी ओरडून चौथ्यावर जायला सांगत होते.

मी आमच्या टेक्निशियनला घरून निघण्याआधीच गाठलं आणि थेट मुलुंडला पाठवलं. दुपार होत आली तेव्हा त्याचा फोन आला. एव्हाना सगळे ऑफिसात आले होते. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, चौथ्याचं लॉक पार गेलंय. कोणीही उघडेल. पार्ट आणायला लागेल." मग जरा थांबून, "आणि मॅडम, खाली खड्ड्यात एक पिशवी आहे. ती चाकांची असते ना, बाजारात न्यायची. भाजी आहे आत. मेथी अजून ताजी आहे."

सहकाऱ्याने हातातला पेन खाली ठेवला.

पिशवी चौथ्या मजल्यावरच्या एका आजींची होती. सेक्रेटरींनी मला नंतर सांगितलं. त्यांच्याकडचं दार स्प्रिंगचं, सोडलं की आपटतं, म्हणून आजी एका हाताने दार धरायच्या, दुसऱ्याने पिशवी आधी आत ढकलायच्या आणि मग स्वतः पाय टाकायच्या. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या लेकीला भाजी द्यायला निघाल्या होत्या. लिफ्ट वर कुठेतरी होती, तरी दार उघडलं, पिशवी ढकलली. पिशवी गेली. आवाज बऱ्याच वेळाने आला. आजी दार सोडून घरात जाऊन बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, पिशवी बाजारात विसरले. सून ओरडेल म्हणून त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. आणि ती सगळी रात्र लिफ्ट चालू राहिली, कारण ताईने बंद ठेवा असं म्हटलं नव्हतं.

सरांनी त्या दुपारी आम्हाला केबिनमध्ये घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"देवाची कृपा, काही झालं नाही," ते म्हणाले. "आता असं करू. त्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात एक ओळ वाढव. तोवर लिफ्ट बंद ठेवा. सगळ्यांना. म्हणजे आपल्यावर काही येत नाही."

"सगळ्यांना बंद म्हटलं की कोणीच बंद ठेवत नाही, सर. ताई म्हणायची."

"अगं, ताईचं सोड आता," ते पटकन म्हणाले, आणि मग त्यांनाच ते लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ते उत्तर बंद करायला पाहिजे," मी म्हटलं. "आणि ती नाही, हे सगळ्यांना कळवायला पाहिजे. ते तिला विचारतात, सर. आपल्याला नाही विचारत."

"करार," सहकारी हळूच म्हणाला. मला नाही, सरांकडे बघून.

सर टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले. मी थोडा वेळ थांबले, मग उठून बाहेर आले. ते नको म्हणाले नव्हते. नाही म्हटलं नाही म्हणजे चालेल, असं मी धरलं. खाली जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, मुलुंडच्या काकांनी नेमकं हेच धरलं होतं.

सर्व्हरच्या खोलीत बसून मी तो नियम काढून टाकला. मग मी मला स्वतःला ती तिसरी परवानगी दिली, तिच्या नावाने पाठवायची. दुसऱ्या कोणाच्या नावाने आलेला मेल त्यांनी उघडला नसता. तिचा उघडतील. बदल पोचेपर्यंत मी एसीचं ठिबकणं ऐकत बसले. मग लिहिलं:

"या पत्त्यावर तुम्ही ज्यांना लिहीत होतात, त्या दिवाळीच्या आधी गेल्या. त्यानंतर त्यांच्या नावाने तुम्हाला आलेली उत्तरं त्यांची नव्हती. त्या उत्तरांवर विसंबून लिफ्ट चालू ठेवली असेल तर कृपया ऑफिसला फोन करा. त्यांची धाकटी बहीण."

पाठवायच्या आधी मी नावाशेजारचा तिचा फोटो काढून टाकला. मग मेल सगळ्या सोसायट्यांना एकदम पाठवला. ती गेल्याची बातमी तिच्याच पत्त्यावरून गेली. यापेक्षा चांगलं काही मला सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

उत्तरं लगेच यायला लागली. मला शोकसंदेशांची अपेक्षा होती आणि ते होतेही, पण बहुतेक दोन ओळींचे. तिसऱ्या ओळीपासून प्रश्न होते. बोरिवलीच्या एका सोसायटीने लिहिलं, "वाचून धक्का बसला. ताई आमच्या घरच्यासारख्या होत्या. आमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर झटका देते, मागच्या आठवड्यात कळवलं होतं. चालू ठेवू की बंद?" अंधेरीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, दोराला तेल जास्त दिसतं, ते बरं की वाईट. घाटकोपरचे एक गृहस्थ फक्त एवढंच विचारत होते, "आता कोणाला विचारायचं?"

मला लिफ्टमधलं काही कळत नाही. झटका कसला असतो, कोणता धोक्याचा आणि कोणता जुन्या यंत्राच्या वयाचा, हे तिला त्यांच्या लिहिण्यातून कळायचं, मला नाही. मी टेक्निशियन लोकांना फोन लावत होते. ते लिफ्टच्या पोकळीत असले की रेंज जाते. मग मी बोरिवलीला लिहिलं, "माणूस पाठवते. तोवर लिफ्ट बंद." अंधेरीच्या बाईंनाही तेच लिहिलं. पुढच्यालाही तेच.

सहकारी माझ्या मागे येऊन उभा राहिला. "तू काय सगळ्यांच्याच लिफ्ट बंद करतेस का?"

"मला कळत नाही तोवर."

"माणसं किती आहेत आपल्याकडे? आज कुठे कुठे जातील?"

त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढचा मेल उघडला, तीच ओळ लिहिली, आणि मेल परत ठळक करून ठेवला, ती ठेवायची तसा. दिवस संपेपर्यंत तिच्या मेलबॉक्समध्ये वरपासून खालपर्यंत ठळक अक्षरं होती. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर काम केलं, पण इतकी कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी घरी मी जिन्याने गेले. दुसऱ्या मजल्यावर काकू भेटल्या. त्यांनी नुसता हात धरला.

मुलुंडचं लॉक नवं बसलं. आजींची पिशवी त्यांना परत मिळाली. सेक्रेटरींनी मला फोन करून सांगितलं की त्यांनी तो खड्डा धुवून घेतला. कशासाठी, ते मी विचारलं नाही. सर माझ्याशी त्या मेलबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. मेलबॉक्सचं नाव बदलून आता नुसतं तक्रार असं केलं आहे, पण पत्ता तिचाच ठेवावा लागला, कारण लोक त्यावरच लिहितात.

आज सकाळी मी कुलूप उघडून आत आले, कॉम्प्युटर चालू केला. बोरिवलीचा मेल वरच होता, पहाटे आलेला. त्यांच्याकडे अजून माणूस गेलेला नाही. त्यांनी लिहिलं होतं:

"मॅडम, आपण सांगितलंत म्हणून बंदची पाटी लावली होती. लोक म्हणाले, ही नवीन बाई सगळ्यांनाच बंद सांगते. आत्ता खाली आलो तर पाटी नाही. कोणी काढली, कोणी सांगत नाही. लिफ्ट वर गेलेली आहे."